मावशींचं कपाट

रुग्णांच्या गाठींचे तुकडे ज्यांत जपलेले असत ते मेणाचे ठोकळे पाच वर्षांनी टाकायचे, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता. प्रयोगशाळेतल्या मावशी ते कपाटात दडवत. आज डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपवरून उठेनात. “या बसचालक बाईंच्या मूत्राशयातली गाठ आतड्यातल्यासारखी दिसतेय. असं क्वचितच होतं. आठ वर्षांपूर्वी यांच्या आतड्याचा कर्करोग काढला होता. तो तुकडा असता तर ताडून पाहिलं असतं. मूत्राशयाचाच कर्करोग समजून उद्या अख्खं मूत्राशय काढणार आहेत.” मावशींनी कपाट उघडलं. त्या बाईंचा आठ वर्षांपूर्वीचा ठोकळा काढून त्याचा पातळ काप काचेवर घेतला. दोन्ही काचांवरच्या पेशी हुबेहूब जुळल्या. डॉक्टरीणबाईंनी सर्जनला फोन लावला. “जुनाच कर्करोग आहे. तेवढाच भाग काढा, बाकी औषधांनी आटोक्यात आणू. मूत्राशय वाचलं.” मग त्या वळल्या. “टाका म्हटलं होतं ना, मावशी?” “ऐकलं होतं की,” म्हणत मावशींनी ठोकळा जागेवर ठेवला. कपाट पहिल्यांदाच उघडं सोडलं.