बिनतेलाचं ताट

"तेलाची वाटी मलप्पाशेटच्या ताटात बी मांड आन् माझ्या बी," धोंडप्पानं स्वयंपाकघराच्या दारातूनच बजावलं. "काठोकाठ. आज मी खाणार हाय."

सिद्धम्मानं तव्यावरची नजर काढली नाही. त्यांची मुलगी शिवकांता काकडी चिरत बसली होती. तिचा हात थांबला.

"डॉक्टर थेंब बी नको म्हणलेत," सिद्धम्मा म्हणाली.

"डॉक्टरला पोरीची सोयरीक जमवायची न्हाई. मला जमवायचीय."

धोंडप्पाचा लातूरच्या गंजात, म्हणजे बाजारपेठेत, तेलाचा घाणा होता. मलप्पाचाही होता, दोन गल्ल्या सोडून. भाकरीवर करडीच्या तेलाची धार धरल्याशिवाय या दोन्ही घरांत पाहुण्याला जेवू घातल्यासारखं वाटत नसे. त्या वर्षी पावसानं दगा दिला. करडई आलीच नाही आणि दोन्ही घाणे बंद पडले. लातूर जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. जिल्ह्यामागोमाग नवे डॉक्टर आले. धोंडप्पाच्या छातीत कळ आली तेव्हा पूर्वीसारखं सोलापूर गाठावं लागलं नाही. इथल्याच डॉक्टरांनी तपासलं, तेल बंद केलं आणि कच्च्या भाज्या खायला सांगितल्या.

"मी काय ढोर हाय का, पाला चघळायला?" म्हणत धोंडप्पानं पहिले चार दिवस ताट सरकवून दिलं. कोरडी भाकरी घशाखाली उतरेना. अंगावरची बंडी सैल झाली. सिद्धम्मा मनातून घाबरली.

दारातल्या देवणी गाईचं दूध वैरणीवाचून शेरभरावर आलं होतं. त्यातली साय काढून सिद्धम्मानं दही लावलं. पहिल्या दिवशी ते नुसतंच काकडीवर ओतलं, तर पाणी सुटून ताटभर ताक झालं. दुसऱ्या दिवशी तिनं दही जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. दुपारपर्यंत घट्ट गोळा हाती आला, पण तो टाळूला चिकटू लागला. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं तो गोळा रवीनं घोटला. निथळलेलं पाणी चमच्याचमच्यानं परत घालत राहिली. पातळ सायीसारखी धार पडू लागली तेव्हा थांबली. मग फेसलेली मोहरी, भाजलेलं जिरं, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर. उरलेलं पाणी तिनं भाकरीच्या पिठात घातलं. टँकर दोन-दोन दिवस फिरकत नव्हता.

काकडी, गाजर, मुळा, वर ती पांढरी धार. धोंडप्पानं नाराजीनंच बोट बुडवून चाखलं. मग भाकरी मोडली.

तेव्हापासून तो पोटभर जेवत होता, फक्त माजघराचं दार लावून. तेलवालाच तेल खात नाही, हे गंजात कळलं तर लोक हसले असते. त्याहून मोठी भीती शिवकांताची होती. मलप्पाच्या मुलानं, ईश्वरप्पानं, आणि तिनं एकमेकांना पाहून होकार दिला होता. आता वडीलधाऱ्यांनी आजच्या जेवणावर शब्द पक्का करायचा, एवढंच उरलं होतं. बाप दुखणाईत आहे म्हटल्यावर मलप्पा मागं सरला तर?

"शरणार्थ," असा नमस्कार करत मलप्पा आला आणि पाटावर बसला. सिद्धम्मानं वाढलं. भाकरी, वरण, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि चिरलेल्या भाज्यांवर ते घोटलेलं दही.

धोंडप्पानं ताटाकडं पाहिलं. मग बायकोकडं.

"तेल राहिलं की."

"राहिलं न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "मांडलंच न्हाई."

धोंडप्पाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मलप्पा मान खाली घालून जेवू लागला. त्यानं काकडी खाल्ली, मुळा खाल्ला. पुन्हा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा नुसतं दहीच मागितलं आणि भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं.

"वैनी, लई झाक झालंय," तो म्हणाला. "ह्यात तेल किती घातलंय?"

"थेंब बी न्हाई." सिद्धम्मानं हातातला डाव खाली ठेवला. "ह्यांच्या छातीचं दुखणं निघालंय. डॉक्टरनं तेल तोडलंय. लेक तुमच्या घरात द्यायलोय, तर काही लपवून द्यायची न्हाई मला."

धोंडप्पा भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत राहिला. एकही तोंडात गेला नाही. आपण वीस वर्षं कमावलेली पत आणि पोरीचं लग्न, दोन्ही बायकोनं एका वाक्यात घालवलं असं त्याला वाटलं.

मलप्पानं रिकामं ताट बाजूला सारलं.

"साखरपुडा सोमवारी करू," तो म्हणाला. "आन् वैनी, उद्या माझ्या कारभारणीला, नीलम्माला, तुमच्याकडं धाडतो. हे कसं करायचं तेवढं तिला दाखवा."

धोंडप्पानं चमकून मान वर केली. मलप्पानं बंडीच्या आतल्या खिशातून कागदाची लहानशी पुडी काढली, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि घोटभर पाण्याबरोबर गिळल्या.

"मला बी त्याच डॉक्टरनं तेल तोडलंय, चार महिने झाले," तो हळूच म्हणाला. "आज तुमच्या घरी कसं जेवावं, ह्या घोरानं दोन दिवस डोळ्याला डोळा लागला न्हाई."