वाणी मोकळी होती

सकाळी सहाला तिने नखे कापली, बोटातली अंगठी काढून डबीत ठेवली आणि बिननक्षीचा काळा सदरा इस्त्री करून अंगात घातला. दुभाषीचे हात नीट दिसावेत म्हणून कपडे असेच लागतात. गुड फ्रायडे होता. बारा ते तीन चर्चमध्ये क्रुसावरच्या सात वचनांवर फादरांचे चिंतन होते, आणि डावीकडच्या तीन बाकांवर बसणाऱ्या अकरा कर्णबधिरांना ते खुणांच्या भाषेत सांगणारी ती एकटीच होती.

आधी ती रुग्णालयात गेली. वडील झोपले होते. नाकात अन्नाची नळी होती आणि दोन्ही मनगटे कापडी पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधलेली होती.

"दोन रात्री नळी ओढतायत आजोबा," नर्स म्हणाली. "माझ्याकडे चौदा खाटा. करू काय, तुम्हीच सांगा."

ती खिडकीपाशी उभी राहून सराव करू लागली. खुणांच्या भाषेत प्रत्येक वचनाआधी नजर कुठे ठेवायची ते ठरवावे लागते. 'त्यांना क्षमा कर' म्हणताना वर, पित्याकडे. दुसऱ्या वचनाला बाजूच्या क्रुसावरल्या चोराकडे. तिसऱ्याला खाली, आईकडे. चौथ्याला, 'तू माझा त्याग का केलास?' म्हणताना, पुन्हा वर. पण तिथून कोणी पाहत नाही, हे डोळ्यांनीच सांगायचे. ते तिला जमत नव्हते.

फादरांच्या कागदावर पुढे लिहिले होते : 'खिळलेल्या हातांना काहीच करता येत नव्हते, पण वाणी मोकळी होती.'

तिने हात उचलले आणि ते तसेच राहिले. वडील जागे झाले होते. ते तिच्याकडे पाहत होते, आणि पट्ट्यांपुढे त्यांची बोटे हलत होती. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या त्या माणसाच्या शब्दांची नुसती टोके तिला दिसत होती.

"सिस्टर, त्यांचे हात सोडा."

"बोलायला लागले की सोडू ना."

"अहो, ते हातांनीच बोलतात."

नर्सने खाटेला अडकवलेला तक्ता उचलून वाचला. "बहिरे आहेत एवढं लिहिलंय. हे कुणी लिहिलंच नाही." मग ती म्हणाली, "डॉक्टर चारला येतात, तेव्हा विचारते. तोवर तुम्ही शेजारून हलणार नसाल तर सोडा. उठलात की मात्र बांधायचं."

तिने दोन्ही पट्ट्या सोडल्या. वडिलांनी मनगटे चोळली आणि पहिली खूण केली, "कान."

नळीची फीत डाव्या कानामागे रुतून कातडे सोलवटले होते. दोन रात्री ते एवढेच सांगत होते. तिने फितीखाली कापूस घातला.

"सराव पाहिला," वडिलांचे हात म्हणाले. "हातांनी पुटपुटतेस. तिसऱ्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना कळायला नको? आणि चौथ्या वचनाला वर बघून लगेच मान खाली घालतेस. थांब तिथे. उत्तराची वाट बघ."

"मी जात नाही, बाबा."

"किती वाजले?"

"अकरा."

"मग त्यांना सांगणार कोण? फादर? ते खुणेने 'देव' म्हणायला जातात आणि 'डास' म्हणतात."

तिला हसू आले. ते आवरून तिने नर्सची अट सांगितली. "मी उठले की हात बांधतील. चार वाजेपर्यंत तुम्हाला काही बोलता येणार नाही. काहीही झालं तरी."

वडील थोडा वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगायचं होतं ते सांगून झालं," आणि उजवे मनगट त्यांनी स्वतःच कठड्याला टेकवले.

तिने पट्टी बांधली. वडिलांनी हात हलवून ती सरकते हे दाखवले आणि मनगट पुन्हा तिथेच धरले. तिने गाठ सोडून नीट आवळली.

डाव्या हाताने त्यांनी तिच्या काळ्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. मग तोही कठड्यावर ठेवला.