तुटली तर दुसरी फुकट

"घोडी गेली, उस्ताद. पण तुमच्या म्होरकीला ओरखडासुद्धा नाही!"

तबेल्याच्या मालकाने घोडीच्या तोंडावरची ती म्होरकी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर कौतुकाची थाप मारली. घोड्याच्या पाठीवर मारतात तशी.

उस्तादांनी ती उलटीपालटी करून पाहिली. दोर जिथल्या तिथे होता, पट्टा जिथल्या तिथे होता, शिवणीचा एक टाका निसटला नव्हता. आठ दिवसांपूर्वी, भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना घोडीने दाराला मान घासली होती. म्होरकी दाराच्या कडीत अडकली. डोकं अडकलं की घोडा विचार करत बसत नाही, जिवाच्या आकांताने मागे उसळतो. तशी ती उसळली. काहीतरी तुटणं भागच होतं. म्होरकी तुटली नाही, म्हणून मान तुटली.

दुकानावर पाटी होती : 'तुटली तर दुसरी फुकट'. एकतीस वर्षांत फुकटची न्यायला कुणी फिरकलं नव्हतं.

"आता असं करा," मालक म्हणाला, "सगळ्यांना बसेल अशी एकच म्होरकी काढा. शिंगराला आवळता यावी, आमच्या त्या थोराड धुडाला सैल करता यावी. थोडा दोर, थोडा पट्टा. आणि तुटायची नाही, हे काही तुम्हाला सांगायला नको."

"सांगायला नको," उस्ताद म्हणाले.

उस्तादांची मुलगी त्याच तबेल्यात कामाला होती. त्या घोडीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्या दुपारी ती घरी जेवत होती. ताटावरून लवकर उठायला लागली, तेव्हा उस्तादांनीच तिला बसवलं होतं. "जेव गं पोटभर. घोडी कुठे पळून जातेय? माझी म्होरकी आहे तिच्या तोंडावर."

तेव्हापासून ती वडिलांशी आईमार्फत बोलत असे.

"आई, त्यांना सांग, पाणी तापलंय."

"पाणी तापलंय," आई तीन हातांवर बसलेल्या नवऱ्याला सांगे.

"कळलं म्हणावं."

"मी काय पोस्टमन आहे का तुम्हा दोघांची?" आई विचारी. एरवी यावर तिघंही हसली असती.

उस्तादांना मात्र काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. एकदा कातड्याला भोकं पाडताना आरी बोटात घुसली. त्यांनी आधी कातडं पुसलं. बोट राहूनच गेलं.

काम मात्र पुढे सरकत होतं. नाकावरून दोराचा फास. जबड्याखाली हाताने सरकवली तर सरकेल, पण ओढली तर घट्ट बसेल अशी गाठ. कानांमागून कातडी पट्टा, त्याला नऊ भोकं आणि बकल. लहान डोकं म्हणून त्यांनी बादली घेतली, मोठं डोकं म्हणून भुशाचं पोतं. म्होरकी दोघांना छान बसली.

"बादलीची तोंडओळख झाली असेल तर द्या इकडे," बायको म्हणाली. "धुणं खोळंबलंय."

इथे काम संपायला हवं होतं. पण दोर आणि पट्टा जिथे जुळत होते, तिथे उस्तादांनी बोटभर लांबीचा एक वेगळा तुकडा घातला आणि रापीने तो तासायला घेतला. हाताला ते पटेना. एकतीस वर्षं जाड ठेवायला शिकलेला हात पातळ करायला तयार होईना. मग ती म्होरकी पोत्याला अडकवून त्यांनी तुळईला टांगली आणि पोत्यात एकेक वीट टाकत राहिले. घोड्याने नुसती मान झटकली तर टिकायला हवं, सगळा भार टाकला तर सुटायला हवं. पहिला तुकडा फारच लवकर गेला. दुसरा गेलाच नाही. टेबलाखाली फाटक्या तुकड्यांचा ढीग साठला.

मुलीने केर काढताना त्यातला एक उचलला, वाकवून पाहिला.

"आई, त्यांना विचार, हे काय."

"हे काय, विचारतेय."

"नमुना म्हणावं."

मुलीने तुकडा परत ठेवला. केरात टाकला नाही.

शेवटी जाडी जमली, त्याच मापाने तबेल्यापुरत्या म्होरक्या झाल्या आणि मालक त्या न्यायला आला. त्याने एक दोन्ही हातांनी ताणून पाहिली. "तुटणार नाही ना?"

"पाटी वाचा," उस्ताद म्हणाले.

दीड महिन्यानंतर एका दुपारी मालक तरातरा दुकानात शिरला आणि दोन तुकडे झालेली म्होरकी त्याने टेबलावर आपटली.

"तुटली! उस्ताद, तुमची म्होरकी तुटली! त्या धुडाने कडीत अडकवून घेतली, एक हिसका दिला आणि दोन तुकडे! एकतीस वर्षांचं नाव मातीत घातलंत तुम्ही!"

उस्ताद उभे राहिले. हातातली आरी खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"घोडा?"

"घोड्याला काय धाड भरलीय? बाहेर उभा राहून वहिनींच्या कुंडीतलं झाड खातोय!"

बाहेरून बायकोचा आरडाओरडा ऐकू येत होता, म्हणजे ते खरं होतं. दारात मुलगी उभी होती. घोडी गेली त्या दुपारपासून तिने दुकानाचा उंबरा ओलांडला होता तो फक्त केर काढायला. ती थेट टेबलापाशी आली आणि तिने मूठ उघडली. तळहातावर कडीत अडकून राहिलेलं बोटभर कातडं होतं, बरोबर तासल्या जागी फाटलेलं. पहिला दात पडला होता तेव्हा ती अशीच धावत आली होती, अशीच मूठ उघडून.

"बाबा," ती म्हणाली, "तुटली."