आदर्श गल्ली

"ही बाई कोण?" साहेबांनी फोन कारकुनाच्या नाकासमोर धरला.

बाई कारकुनाची बायको होती. साहेब म्हणजे नगराध्यक्ष; त्यांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर तिने लिहिलं होतं, आमच्या गल्लीतला खड्डा बुजवा, सासरे त्यात पडून पाय मोडून बसलेत. पान चालवायचं काम कारकुनाकडे होतं. "असेल कुणीतरी," तो म्हणाला आणि त्याने तक्रार पुसून तिला ब्लॉक केलं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पान त्यांचं खासगी. आपल्या घरात कुणाला घ्यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. कचेरीतली तक्रारखिडकी त्यांनी बंद केली होती, ती मात्र सरकारी हुकमाने. तक्रार फक्त पानावर. तिथे तक्रार दिसली तरच खड्डा बुजे. त्यामुळे ब्लॉक झालेल्यांच्या गल्ल्या गावात सगळ्यात सुखी होत्या.

रात्री बायकोने ताट वाढलं. "साहेबांचं मी एक वेळ समजू शकते," ती म्हणाली. "बोट कुणाचं होतं?"

कारकून खाली मान घालून जेवला. आतल्या खोलीत त्याचे वडील, नाना, विचारत होते, उद्या दवाखान्यात न्यायला गाडी दारापर्यंत येईल ना? गाडी येणार नव्हती. मागच्या खेपेला चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं होतं आणि नाना वाटभर डोळे मिटून होते.

दुसऱ्या दिवशी साहेब खुशीत होते. कारकुनाच्या गल्लीतून एकही तक्रार नाही! त्यांनी पानावर 'आदर्श गल्ली' असं लिहायला सांगितलं. कारकुनाने लिहिलं. मग त्याच्याखाली स्वतःच्या नावाने लिहिलं, 'मी याच गल्लीत राहतो. खड्डा आहे. माझे वडील त्यात पडले.'

तासाभरात तिथे अख्खं गाव गोळा झालं.

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. नोकरी हवी आहे का, असं अगदी मवाळपणे विचारलं. कारकुनाला हवी होती.

"मग स्वतःला ब्लॉक कर. माझ्यासमोर."

पानाने कारकुनाला विचारलं, तुम्ही इथले एकमेव चालक आहात, तुमचा ताबाही जाईल, चालेल? त्याने ते साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"चालेल, चालेल. दाब."

त्याने दाबलं.

साहेब खुर्चीत रेलले. "हां. आता तू लिहिलेलं पुसून टाक."

"कसं पुसू, साहेब?" कारकून म्हणाला. "ते आता मला सोडून सगळ्यांना दिसतंय."