बांधावरचं विरजण

"बांधाला तणनाशक मारू नकोस पोरी, तिथली माती जिवंत आहे," सासूबाई म्हणाल्या होत्या. शेतकी कॉलेजात शिकलेली मी, ते हसण्यावारी नेलं. बाळ रांगायला लागलं होतं आणि बांधावरच्या गवतात मला फक्त साप दिसत होते. सासूबाई लेकीकडे गेल्या, तसा मी बांध फवारून लख्ख केला.

दर पेरणीआधी सासूबाई बांधावरची मूठभर माती शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाच्या पिंपात घालायच्या. काठीने ढवळत बाळाला सांगायच्या, "दुधाला विरजण, तसं शेताला हे." तो आंबूस वास अजून माझ्या नाकात आहे.

यंदा त्या या जगात नाहीत. पिंप मीच भरलं आणि बाळाला कडेवर घेऊन बांधावर गेले, तर उघडी पडलेली माती उन्हानं दगडासारखी झाली होती. मी तिथेच बसून रडू लागले.

मला पाहून ओढ्यापलीकडच्या तानूमावशी ओल्या फडक्यानं झाकलेली वाटी घेऊन आल्या. "चाळीस वर्षांमागं तुझ्या सासूनंच मला मूठभर माती दिली होती, ती माझ्या बांधावर वाढली. घे. कॉलेजात रडायलाही शिकवतात होय?"

बाळानं वाटीत बोटं घातली. पहिल्यांदाच मी त्याचा हात मागे ओढला नाही.

तानूमावशी एकट्याच राहतात. रोज सकाळी त्यांच्या चुलीचा धूर दिसला की मगच मी चहा ठेवते. तुम्हालाही कधी कुणी विरजण दिलं असेल. आज त्या माणसाच्या दारात जाऊन एक हाक मारून याल?