मोरीतली हळद

"अहो, ओतली का हळद?" घराखालच्या बुटक्या तळघरातून बायकोने विचारलं. घोटाभर पाण्यात ती बॅटरी धरून वाकून उभी होती.

"थांब, डबा उघडत नाहीये," मोरीत बसून मी म्हणालो. माझा आवाज नेहमीप्रमाणे खालपर्यंत पोचला नसावा.

मुलाची अट सरळ होती. मोरीत हळद ओतल्यावर खालचं पाणी पिवळं झालं, तर मोरी गळतेय. ती दुरुस्त करायची. नाही झालं, तर पाणी जमिनीतून येतंय. मग घर विकून आम्ही नाशिकला त्याच्याकडे राहायला जायचं. रोज बादल्या उपसून मी थकलो होतो. पाणी जमिनीतलंच निघावं असं मनातून वाटत होतं, पण तिला सांगायचा धीर होत नव्हता.

"आलं हो, आलं! पिवळंधमक!" ती ओरडली. "आपली मोरीच मेली गळकी! सांगा तुमच्या लेकाला, आम्ही कुठं येत नाही म्हणावं."

हळदीचा डबा अजून माझ्या मांडीवरच होता. झाकण तसंच घट्ट.

"सांगतो," मी म्हणालो आणि रिकामी बादली घेऊन खाली उतरलो.