मुदत संपल्यावर

आजी गेल्यावर माझ्या मावशीने आपलं माहेरचं घर वर्षभराच्या कराराने एका घड्याळजीला भाड्याने दिलं. माणूस सज्जन, एकटा. पण मुदत संपली तरी हलायचं नाव घेईना. फोनवर एकच पालुपद, "ताई, अजून थोडं थांबा."

शेवटी एका दुपारी मावशी स्वतःच गेली, चांगलं खडसावायचं ठरवून. पण जिन्यात पाऊल टाकताच तो जुना, ओलसर वास आला आणि तिचा अर्धा राग तिथेच ओसरला. ज्या कठड्यावरून ती लहानपणी घसरायची, त्यावरून तिने नकळत हात फिरवला.

घड्याळजीने दार अर्धवटच उघडलं.

"करार संपलाय, मान्य आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण हिला एकटीला टाकून कसा जाऊ?"

"हिला म्हणजे? तुम्ही तर एकटेच राहता ना?"

त्याने नुसतं आतल्या खोलीकडे पाहिलं. आत एक लहान मुलगी पाढे म्हणत होती.

"तीन त्लिक नऊ, तीन चोक बाला..."

मावशीने चौकट घट्ट धरली. शाळेत जायला लागल्यावरही कितीतरी दिवस तिला 'र' म्हणता येत नसे. त्याच खोलीत, खिडकीखाली बसून ती पाढे म्हणायची आणि आजोबा हसत हसत पुन्हा म्हणायला लावायचे. तिचे डोळे भरून आले. एकदाच आत डोकवावं, म्हणून तिने उंबरा ओलांडला.

पाढे थांबले.

"काका," आतून भेदरलेला आवाज आला, "दाल लावा ना. ती बाई आत येतेय."